नूकम्माला सांगितलं त्या दिवशी

कसबा बावड्यात आमचं आणि शिकलगारांचं घर भिंतीला भिंत लागून होतं. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांचा सिकंदर विशीतला असेल. त्याचे वडील बाबालालचाचा साखर कारखान्यात फिटर होते. आई शहाजादीचाची दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करायची. सिकंदर मात्र घरात सापडायचा नाही. लक्ष्मीपुरीत एका ओळखीच्याचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं, तिथं तो शाळकरी वयापासून पडलेला असे. आमचा रेडिओ घरघर करायला लागला की मी मधल्या भिंतीवर दोन थापा मारायची. तो यायचा, मागचं झाकण काढून आत डोकं घालायचा आणि म्हणायचा, "बाई, ह्याला काय झालेलं न्हाय. झुरळानं संसार मांडलाय आत."

मी प्राथमिक शाळेत शिकवत असे, म्हणून गल्लीत सगळेच मला बाई म्हणत. नाव नंदिनी आहे हे फार थोड्यांना ठाऊक होतं.

आयटीआय करून सिकंदर हवामान खात्यात लागला. पुण्याला काही महिने शिकवलं आणि मग थेट पूर्व किनाऱ्यावर पाठवलं, आंध्रातल्या एका बंदराच्या गावी. तिथं टेकडीवर रडार बसवलं होतं, समुद्रातून येणारी वादळं हेरण्यासाठी. पहिल्या रजेत तो आला तेव्हा रडार म्हणजे काय, हे आख्ख्या गल्लीला समजावून सांगता सांगता त्याच्या नाकी नऊ आले. शेवटी चाचीनं भाकरीसाठी परातीत पीठ घेतलं होतं, ते त्यानं तळहातानं सपाट केलं आणि बोटानं रेघ ओढली.

"ह्यो किनारा. हितं आमचं यंत्र. ह्यातनं लाटा जात्यात, डोळ्याला दिसत न्हाईत त्या. पावसाच्या ढगाला आपटून माघारी येत्यात. मग काचेवर उमटतंय." त्यानं पिठात बोट गोल गोल फिरवत गोगलगाईसारखी आकृती काढली आणि मधोमध एक खळगा केला. "ह्यो त्याचा डोळा. ह्यो कुठं सरकतोय त्येवढंच बघायचं."

"आता ह्या पिठाची भाकरी कुणी खायाची? समुद्रानं?" चाची म्हणाली. मग जरा वेळानं तिनं विचारलं, "आन् त्ये दिसलं की तू काय करतोस?"

"कुठं हाय त्ये लिवून देतो. सायेब तारा करत्यात."

"थांबवत न्हाईस?"

"त्ये थांबतंय व्हय कुठं, अम्मा."

"मग बघून उपेग काय?"

"मानसं हलत्यात की. आधी कळलं तर मानसं हलत्यात."

त्याला आपल्या कामाचा अभिमान होता, आणि तो लपवायची त्याला गरज वाटत नसे.

त्याचं लग्न मलकापूरच्या जुलेखाशी झालं. उंच, सावळी, बोलायला बेताची. घरात त्यांचं आपसात हिंदी चालायचं, पण माझ्याशी ती मलकापुरी मराठीतच बोले. वर्षभर ती बावड्यात होती. दुपारी शाळा सुटून मी आले की भिंतीच्या कडेला पाट टाकून बसायची, निवडण-टिपण करत. मग सिकंदरला क्वार्टर मिळालं आणि ती त्याच्याबरोबर गेली. जाताना चाचीनं तिला लसणाची चटणी आणि गुळाची ढेप बांधून दिली. जसा काही तिकडं गूळ मिळतच नाही.

यापुढचं मी पाहिलेलं नाही. ते मला फार नंतर, त्या दोघांच्या तोंडून कळलं.

तिथं जुलेखाला पहिले कित्येक महिने बोलायला माणूस नव्हतं. सिकंदर टेकडीवर, शेजारी तेलुगू बोलणारे, आणि हवा अशी की वाळत घातलेलं कापडसुद्धा दमट राहावं. दारावर एक कोळीण यायची. नूकम्मा तिचं नाव. जुलेखाहून सात-आठ वर्षांनी मोठी, काळीसावळी, डोक्यावर टोपली. पहिल्या दिवशी दोघी बोटांनीच भाव करत भांडल्या. मासे हातात घेऊन जुलेखा तशीच उभी राहिली, तेव्हा नूकम्मानं तिच्या हातातून विळी ओढून घेतली आणि उंबऱ्यावर बसून मासे साफ करून दाखवले.

दोघींना कळणारा पहिला शब्द सापडला तो आक्का. एकदा नूकम्मा टोपली उचलून निघाली आणि काहीतरी विसरली, म्हणून जुलेखानं मागून सवयीनं हाक मारली, "आक्का." आपल्याकडं थोरल्या बहिणीला आक्का म्हणतात, तसंच तिकडंही म्हणतात, हे तिला ठाऊक नव्हतं. नूकम्मा गर्रकन वळली. टोपली खाली ठेवली आणि इतकी हसली की जुलेखालाही हसू आलं. त्यानंतर नूकम्मा आधी दारात बसून पाणी प्यायची, मग मासळीचं बघायची.

पहिल्या बाळंतपणाला, हाफिजाच्या वेळी, जुलेखानं माहेरी जायचं ठरलं होतं. पण पोर आधीच आली, एका दुपारी, सिकंदर कामावर असताना. दारात नूकम्मा होती. तिनं टोपली अंगणात टाकली, शेजारणीला हाक मारली आणि दवाखान्यातली नर्स येईपर्यंत सगळं स्वतः केलं. पुढं सव्वा महिना रोज ती पोरीला तेल लावायला आली. त्या सव्वा महिन्यात तिनं मासळीचा एकही पैसा घेतला नाही, आणि विचारलं तर रागवायची.

नूकम्माची वस्ती गावाच्या दक्षिणेला, खाडीच्या पलीकडं होती. समुद्र आणि खाडी यांच्या मधली वाळूची लांबट जीभ, तिच्यावर ताडाच्या झावळ्यांची घरं. नवरा दूरच्या एका बंदरात मोठ्या बोटीवर कामाला, महिना-महिना बाहेर. घरी म्हातारी सासू, एक मुलगा आणि एक मुलगी. जुलेखा एकदा हाफिजाला घेऊन होडीतून तिथं गेली होती. नूकम्माच्या मुलीनं हाफिजाला जे कडेवर घेतलं ते निघेपर्यंत खाली ठेवलं नाही. घराच्या मागच्या दारातून समुद्र दिसायचा आणि पुढच्या दारातून खाडी. जुलेखानं रात्री सिकंदरला विचारलं होतं, "पानी आलं तर ही मानसं जात्यात कुठं?" तो म्हणाला होता, "होडीनं अलीकडं. दुसरी वाट न्हाय."

हाफिजा बसायला लागली होती तेव्हाची गोष्ट. दिवाळी होऊन गेली होती. समुद्रात वादळ धरलंय, असं आधी पुण्या-दिल्लीकडून कळलं. मग एका सकाळी ते रडारच्या टप्प्यात आलं. सिकंदर म्हणायचा, पहिल्यांदा काचेच्या कडेला नुसती एक पांढरी कोर दिसली, दाराच्या फटीतून ऊन यावं तशी. काच परातीएवढी, खोलीत अंधार, आणि काचेवर घड्याळाच्या काट्यासारखी उजेडाची एक रेघ सारखी फिरत असते. रेघ फिरून गेली की ढग उमटतात आणि हळूहळू विझतात. परत रेघ येते, परत उमटतात. दर फेरीला ते जरा पुढं आलेले असतात, पण फेरीगणिक ते डोळ्याला कळत नाही. तासाभरापूर्वीची खूण बघितली की कळतं.

तिथले साहेब मूर्ती म्हणून होते. हुशार आणि मायाळू माणूस, हे सिकंदर न विसरता सांगायचा, कारण ऐकणाऱ्याला वाटायचं कुणाचीतरी चूक झाली असणार. चूक कुणाचीच नव्हती. तासातासाला काचेवर पारदर्शक कागद ठेवून मूर्तीसाहेब वादळाच्या मध्यावर फुली मारायचे. तारा जात होत्या. रेडिओवर सांगत होते. मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये म्हणून बंदरावर बावटा चढवला होता, आणि सरकारी जीपा भोंगा लावून किनाऱ्यानं फिरत होत्या. जीप खाडीपर्यंत जायची. पलीकडं आवाज जाईल तेवढाच.

पहिल्या दिवशी फुल्या उत्तरेकडं सरकत होत्या. तशाच गेल्या असत्या तर वादळ बंदरापासून पुष्कळ लांब, ओरिसाकडं गेलं असतं. मग मध्यरात्रीनंतर ते जागच्या जागी घुटमळलं. चार फुल्या एकमेकींवर पडल्या. पहाटे पाचवी पडली ती डावीकडं. सहावी आणखी डावीकडं. मूर्तीसाहेबांनी कागदावर पट्टी ठेवली आणि फुल्यांची रेघ किनाऱ्यापर्यंत वाढवली. ती बंदराच्या बऱ्याच खाली, दक्षिणेला जमिनीला लागली. सिकंदरला क्षणभर बरं वाटलं, आपलं गाव चुकलं म्हणून. मग साहेबांनी त्या रेघेच्या उजव्या अंगाला किनाऱ्यावर पेन्सिल घासली. डोळ्याच्या उजव्या हाताला वारा समुद्राला जमिनीवर ढकलतो, पाणी तिथंच चढतं. पेन्सिल फिरली त्या पट्ट्यात खाडी होती.

साहेबांनी त्याच मिनिटाला नवी तार करायला घेतली. सिकंदर रात्रभर कामावर होता. सकाळी तो अंघोळीपुरता आणि दोन घास खायला घरी आला. बाहेर वारा होता, पण सोसण्यासारखा. आभाळ मात्र पिवळट पडलेलं.

"आज नूकम्मा आली तर तिला माघारी जाऊ दिऊ नगं," तो जुलेखाला म्हणाला.

"कशापाय?"

"त्ये वळलंय. दुपारपतोर तिच्या वस्तीकडं येणार. पानी चढंल. तिला हितंच ठेवून घे, आपल्यात."

तो गेला आणि अर्ध्या तासात नूकम्मा आली. बोटी दोन दिवस समुद्रात गेल्या नव्हत्या, म्हणून टोपलीत सुकी मासळी होती. बाजारात बसून संध्याकाळपर्यंत विकायची आणि शेवटच्या होडीनं परत जायचं, असा तिचा बेत होता. जुलेखानं तिला आत ओढलं. तोवर तिला थोडं तेलुगू येत होतं, पण या गोष्टीला पुरेल एवढं नव्हतं. तिनं समुद्राकडं हात केला. वाऱ्याची खूण केली. मग हात जमिनीपासून गुडघ्यापर्यंत नेला, कमरेपर्यंत नेला, डोक्याच्या वर नेला. "आज. दुपारी. तुमच्या तिकडं. तू हितं थांब, आक्का." आणि चटईवर थोपटून दाखवलं.

नूकम्माला सगळं समजलं. मग तिनं एकच शब्द म्हटला, "पिल्ललु." म्हणजे पोरं.

"जुलेखानं तिचा हात धरला," सिकंदर मला सांगत होता, तेव्हा जुलेखानं मान हलवली आणि ती म्हणाली, "धरला म्हंजी काय बाई, धरला आन् सोडला. मी तिच्या जागी असते तर मलापन कुनाला धरून ठेवता आलं नसतं."

नूकम्मानं टोपली तिथंच ठेवली. पोरांना आणि सासूला घेऊन येते, अशी खूण केली. निजलेल्या हाफिजाच्या कपाळावरून बोटं फिरवून कानशिलावर मोडली. जाताना म्हणाली, "वस्तानु." तिकडं निघताना जाते म्हणत नाहीत, येते म्हणतात, आपल्यासारखंच.

जुलेखानं मोरी धुतली, चार माणसांचा जास्तीचा भात टाकला आणि वाट बघत बसली.

टेकडीवर सिकंदर काचेसमोर होता. आता वादळ सगळी काच भरून आलं होतं. पांढऱ्या पट्ट्या एकात एक गुंडाळत आत गेलेल्या, आणि मधोमध स्वच्छ काळा डोळा, कंपासानं काढल्यासारखा गोल. तो सांगायचा, "बाई, इतकं रेखीव आमी कधीच बघितलं नव्हतं. साहेबसुदिक वाकून बघाय लागलं." काचेवर किनाऱ्याची बारीक रेघ कोरलेली होती. डोळा आणि ती रेघ यांच्यामधलं अंतर दर तासाला बोटभर कमी होत होतं. त्याला वस्तीची जागा अचूक ठाऊक होती. तिथं काचेवर काही दिसत नसतं, नुसती रेघ असते. नूकम्मा जुलेखाबरोबर आपल्या घरात बसली आहे, या समजुतीत तो होता. वस्तीतल्या बाकीच्यांची काळजी होती, पण तिची नव्हती.

दुपारी तीनच्या सुमाराला वरच्या पाटीचा, म्हणजे अँटेनाचा, आवाज बदलला. वाऱ्यानं ती फिरेना, मोटर कण्हायला लागली. तशीच चालू ठेवली असती तर मोडून पडली असती, आणि पुन्हा कित्येक महिने किनारा आंधळा झाला असता. साहेबांनी सिकंदरकडं बघितलं आणि म्हणाले, "लॉक इट." सिकंदर आणि आणखी एकजण लोखंडी शिडीवरून वर गेले, एकमेकांच्या पट्ट्याला धरून. पाऊस आडवा येत होता. त्यांनी पाटी हातांनी धरून थांबवली आणि खिळा ठोकला. तो खाली आला तेव्हा काच विझलेली होती. शेवटची फुली किनाऱ्याच्या अलीकडं, एका बोटाच्या अंतरावर होती. त्यानंतर त्यांना कुणालाच काही दिसलं नाही. भिंतीला पाठ लावून ते सगळे वारा ऐकत बसून राहिले.

बंदराच्या गावातही छपरं गेली, झाडं पडली, पण पाणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी सिकंदर घरी पोचला. दार उघडल्या उघडल्या त्यानं विचारलं, "नूकम्मा कुठाय?" जुलेखानं भाताच्या पातेल्याकडं बोट केलं.

मदतीच्या लॉरीबरोबर तो खाडीपर्यंत गेला तोवर आणखी दोन दिवस गेले होते. पलीकडं वस्ती नव्हती. झावळ्या, जाळी, भांडी, काही नाही. वाळूसुद्धा पहिल्या जागी नव्हती, समुद्र दुसरीकडूनच खाडीला मिळाला होता. काय काय बघितलं ते त्यानं मला सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. त्या खाडीचा होडीवाला मात्र वाचला होता, अलीकडच्या काठाला ताडाला धरून. त्यानं सांगितलं, नूकम्माला मीच पलीकडं सोडलं. फार घाईत होती. तिला सोडून मी अलीकडं आलो आणि परत होडी घालायला गेलो तर पाण्यानं घालू दिली नाही.

म्हणजे ती पोचली होती. तिला कुणी काही सांगितलं नसतं, तर ती संध्याकाळपर्यंत बाजारात बसली असती, आणि वाचली असती. हे सिकंदरच्या तिथल्या तिथं लक्षात आलं. घरी येऊन जुलेखाला सांगावं लागलं नाही. तिला ते आधीच उमगलं होतं.

त्याच दिवसांत इकडं बावड्यात गुऱ्हाळं जोरात होती. आंध्रात वादळ झाल्याचं पेपरात वाचलं आणि बाबालालचाचा रोज पोस्टात चकरा मारायला लागले. दोन दिवसांनी आभाळ भरून आलं आणि पावसाची भुरभुर लागली. गुऱ्हाळवाले वैतागले, जळण भिजलं, चुलवाण पेटेना. आमच्या दारात उभा राहून गुऱ्हाळवाला जोतीराम गुळवे म्हणाला, "हे कुठलं अवेळी सोंग आलंय कुनाला ठावं." ते तिकडूनच आलं होतं. जमिनीवर चढून, दमून, विरत विरत आमच्यापर्यंत पोचलं होतं. मीसुद्धा वाळत घातलेल्या सांडग्यांसाठी त्याला बोल लावले. मग चाचांना तार मिळाली, तिघं सुखरूप आहेत म्हणून. चाचीनं दर्ग्यात चादर चढवली आणि गल्लीला साखर वाटली.

महिन्याभरात जुलेखा पोरीला घेऊन बावड्यात आली. ती परत गेली नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, तिथली हवा मानवत न्हाय. भिंतीच्या कडेला पाट टाकून बसायची ते बंद झालं. मासळीवाली गल्लीत ओरडली की आत जाऊन दार लावून घ्यायची. चाचीला वाटलं, नवरा-बायकोत बिनसलंय.

सिकंदर तिकडंच होता. नूकम्माच्या नवऱ्याला शोधत तो त्या दूरच्या बंदरात गेला. माणसाला बातमी आधीच कळली होती. तो जाळ्याच्या ढिगावर बसला होता. सिकंदरनं मोडक्यातोडक्या तेलुगूत सगळं सांगितलं, काही वगळलं नाही. आपण घरी निरोप दिला, बायकोनं तिला सांगितलं, ती ऐकून धावली. त्याला वाटलं, हा आता उठून आपल्याला मारेल. मारावं असंही वाटलं. त्या माणसानं एवढंच विचारलं, "पोचली होती का ती?"

"होडीवाल्यानं सोडलं होतं पलीकडं."

त्यानं जाळ्यातला हात बाहेर काढला. मग म्हणाला, "पोरं एकटी नव्हती म्हणजे." आणि पुन्हा जाळ्यात हात घातला.

ईदला घरी आला तेव्हा सिकंदरनं हे जुलेखाला सांगितलं. ती म्हणाली, "त्याला त्येवढ्यावर भागवता आलं. मला न्हाय येत." आणि मग, "तिचं नाव पुन्यांदा काढू नकासा."

त्यानं काढलं नाही. आणखी दोन पावसाळे त्यानं नोकरी केली. मग एक दिवस पेटी घेऊन दारात आला, राजीनामा देऊन. सरकारी नोकरी कुणी सोडतं का, म्हणून बाबालालचाचांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. काहीतरी भानगड केली असणार, काढून टाकलं असणार, असं बावड्यात बोललं गेलं. त्यानं कुणाला काही सांगितलं नाही. लक्ष्मीपुरीतल्या त्याच दुकानात तो पुन्हा रेडिओ दुरुस्त करायला बसला. गिऱ्हाईक गंमतीनं म्हणायचं, "काय पावणं, औंदा पाऊस कसा?" तो खाली मान घालून म्हणायचा, "रेडिओ नीट करून देतो, तुमीच ऐका."

एका घरात दोघं होती, भांडण नव्हतं, पण मधल्या भिंतीतून मला त्यांचा आवाज क्वचितच ऐकू यायचा. हाफिजा माझ्या शाळेत यायला लागली होती. ती तेवढी बडबड करायची, दोघांच्या वाटणीची.

जुलेखाला पुन्हा दिवस गेले तेव्हा ती खूश दिसली नाही. तिसऱ्या प्रहरी कळा सुरू झाल्या, आणि चाचीचे गुडघे धरलेले, म्हणून दवाखान्यात मी बरोबर गेले. सिकंदर बाहेर बाकावर बसला. बाळंतपण अवघड होतं. आतून जुलेखाचं ओरडणं येत होतं, आणि त्यात एकच हाक पुन्हा पुन्हा. आक्का. आक्का. नर्स बाहेर आली आणि मला म्हणाली, "अवं, त्या बहिणीला तरी बोलवून घ्या की, कवाधरनं हाका मारतीया."

मला माहीत होतं की जुलेखा घरात सगळ्यांत थोरली. तिला बहीणच नव्हती. मी सिकंदरकडं बघितलं. त्यानं तोंडावर दोन्ही हात घेतले होते, आणि त्याचे खांदे हलत होते. नर्स अजून उभीच होती. तो तसाच म्हणाला, "ती न्हाय येऊ शकत, सिस्टर."

मुलगा झाला, पण दोन दिवसच जगला. बावड्याच्या कब्रस्तानात बाबालालचाचांनी त्याला आपल्या हातानं ठेवलं. त्या दिवशी सिकंदरशी ते पुन्हा बोलायला लागले.

त्यानंतर मी रोज दुपारी जुलेखाकडं जायची. ती अंथरुणावर भिंतीकडं तोंड करून असायची. मी भाजी निवडत बसायची, काही बोलायची नाही. एक दिवस मी नुसतंच विचारलं, "आक्का कोण गं?"

तिनं माझ्याकडं तोंड फिरवलं. "मासं विकायची," ती म्हणाली. आणि सांगायला लागली. त्या दिवशी थोडं, दुसऱ्या दिवशी थोडं. विळी ओढून घेतली ते, तेल लावायला यायची ते, कडेवर पोरीला घेतलेली ती पोरगी. रडायची, थांबायची, पुन्हा सांगायची. तिसऱ्या की चौथ्या दिवशी ती त्या सकाळवर आली. "वारं लई सुटलं होतं," ती म्हणाली.

"न्हाय," दारातून आवाज आला. सिकंदर जेवायला आला होता आणि किती वेळ उभा होता कोण जाणे. "सकाळी वारं न्हवतं येवढं. दुपारी सुटलं."

जुलेखानं त्याच्याकडं बघितलं. मला वाटलं, आता ती गप्प होणार. पण तिनं विचारलं, "तुमाला वरनं काय दिसत होतं?"

तो आत आला, चपला काढल्या आणि खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसला. फुल्या कशा पडल्या, पट्टी कुठं ठेवली, पेन्सिल कुठं फिरली, पाटीला खिळा कसा मारला, काच कशी विझली, सगळं त्यानं सांगितलं. एवढ्या वर्षांत तिनं विचारलं नव्हतं आणि त्यानं सांगितलं नव्हतं. "मला वाटत हुतं ती तुझ्याजवळ हाय," तो म्हणाला.

"मला वाटत हुतं ती येतीया," ती म्हणाली.

मी उठायला लागले तर जुलेखानं माझ्या पदराला धरून बसवलं. चाची चुलीजवळून ऐकत होती. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ती भिंतीला धरत धरत आली आणि सुनेच्या केसांवरून हात फिरवत उभी राहिली.

दुःख काही गेलं नाही. जुलेखानं पुन्हा मासळी शिजवली नाही, आणि त्यांना पुन्हा मूल झालं नाही. सिकंदर पन्नाशीही न गाठता गेला, दुकानातच, छातीत कळ येऊन. पण मधल्या त्या वर्षांत भिंतीपलीकडून मला त्यांचं बोलणं ऐकू यायचं. हिंदी आणि मराठी मिसळलेलं, हळू आवाजातलं, कधी हाफिजाच्या अभ्यासाचं, कधी वाण्याच्या सामानाचं.

त्या दुपारी मात्र सांगून झाल्यावर मी निवडलेली भाजी चाचीच्या हातात दिली. मग कारखान्याचा भोंगा झाला. चाचीनं सिकंदरला ताट वाढलं, तो चार घास जेवला, आणि सायकल काढून दुकानाला गेला.